सत्तावीस घासण्या

तलासरी नाक्यावर पेट्रोलपंपाच्या कडेला निळ्या पत्र्याची एक टपरी होती. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक टेबलपंखा आणि पीयूष. टपरीतून बाहेर आलेली काळी नळी गाडीच्या धुराड्यात खुपसली की गाडी किती धूर ओकते त्याचा आकडा पडद्यावर उमटायचा. फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी सकाळी ती नळी लाहूच्या जीपला लावलेली होती.

"दाबा पूर्ण," पीयूष आतून ओरडला. "सोडा. परत दाबा."

लाहूनं पाय तळाला टेकवला. इंजिन कण्हलं. मागून काळ्या धुराचा लोट उठला आणि पंपावर रांगेत उभा असलेला एक मोटरसायकलवाला तोंडाला रुमाल लावून शिव्या देत बाजूला झाला.

"चार पॉइंट आठ," पीयूष म्हणाला.

"किती पाहिजे, शेट?"

"दोन पॉइंट पंचेचाळीसच्या आत. लाहूभाऊ, ही गाडी आहे की वीटभट्टी?"

लाहू हसला नाही. त्याला शुक्रवार दिसत होता. शुक्रवारी, एक मार्चला, दहावीचा पहिला पेपर होता. उधव्याच्या पलीकडच्या खडकीपाड्यातून आणि आजूबाजूच्या घरांतून सहा मुली त्या पेपराला बसणार होत्या. त्यांचं केंद्र तलासरीत, म्हणजे चौदा किलोमीटरवर. नोव्हेंबरपासून धरणी हलायला लागली, वसतिगृहाच्या भिंतींना तडे गेले आणि मुली घरी आल्या, तेव्हापासून लाहूची जीपच त्यांना तलासरीच्या शाळेत नेत-आणत होती. सकाळची एसटी साडेअकराला. पेपर अकराला. आईबाप दुसऱ्या कुणाच्या गाडीत मुली बसवायला तयार नव्हते, आणि हलणाऱ्या घरांच्या या दिवसांत पाहुण्यांकडे मुक्कामाला ठेवायला तर मुळीच नाही.

शाळेचं पत्र मागच्या आठवड्यात आलं होतं. मुली नेणाऱ्या गाडीचे कागद गुरुवारपर्यंत जमा करा. नसतील तर त्या गाडीतून शाळा मुली पाठवणार नाही. लायसन्स होतं, विमा होता. पीयूसीची मुदत मात्र संपली होती.

सहा मुलींत एक योगिता होती. लाहूची मुलगी.

लाहू स्वतः चौथीपर्यंत शिकला. त्याचा बाप घोलवडच्या एका चिकूच्या वाडीत कामाला होता, आणि बारा वर्षांचा लाहू बेडणी, म्हणजे फळं तोडायची जाळीची काठी, घेऊन फळं उतरवायला झाडावर असायचा. वाडीच्या टेम्पोत क्रेट चढवता चढवता तो गाडी चालवायला शिकला. पुढे उंबरगावहून ही जुनी जीप त्यानं आणली, तेव्हा पाड्यातली ती पहिली चारचाकी. बाळंतिणी तिच्यातून गेल्या, नवरदेव गेले, एकदा एक रेडकूही गेलं. पाड्यात शिरताना लाहू कधी हॉर्न वाजवायचा नाही. म्हणायचा, "आपल्याच घरी येताना कोण ओरडतो?"

आणि तरीही त्याच्याच गाडीच्या आवाजानं एका माणसाचा पाय मोडला होता.

ते झालं नोव्हेंबरात. तेव्हा जमिनीतून आवाज यायला लागले होते. आधी खोलवरून धाडकन गडगडायचं, मग कौलं खडखडायची, मग भांडी मांडणीवरून खाली. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा. माणसं अंगणात तंबू ठोकून राहायला लागली. घरात जायचं ते फक्त भाकरी थापायला आणि तेही दाराकडे तोंड करून. त्याच दिवसांत लाहूच्या जीपचा सायलेन्सर गंजून फुटला. पहिल्या गिअरमध्ये चढ चढताना गाडीतून जो आवाज निघायचा, तो अगदी जमिनीतल्या आवाजासारखा होता. एका सकाळी लाहू चढ चढून वर आला तेव्हा अख्खा पाडा उघड्यावर पळत होता. बाया पीठभरल्या हातांनी पळत होत्या. म्हातारी पुतळी डोकरी ओट्यावरून पडली आणि तिचा पाय मोडला.

कुणी लाहूला बोललं नाही. तेच वाईट होतं. त्यानंच डोकरीला जीपमधून दवाखान्यात नेलं, आणि परत आल्यावर सगळ्यांसमोर वाकून उजवा तळवा जमिनीवर टेकवला. धरतरीला हात लावून दिलेला शब्द पाड्यात कुणी मोडत नाही. "माझ्या गाडीच्या आवाजानं पुन्हा कोण पळणार नाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो तलासरीला चैत्याकडे गेला. चैत्या म्हणजे नाक्यामागचा वेल्डर, लाहूचा लहानपणापासूनचा सोबती. त्यानं भंगारातल्या ट्रॅक्टरचा एक सायलेन्सर काढून जुन्याच्या पुढे जोडला. आवाज कमी झाला, पण संपला नाही.

"आत काहीतरी भरायला पाहिजे," चैत्या म्हणाला. "जळणार नाय असं."

लाहूनं विचार केला आणि उधव्याच्या बाजारात गेला. भांडी घासायच्या तारेच्या घासण्या विकणाऱ्या बाईसमोर बसला आणि तिच्याकडच्या सगळ्या घेतल्या. सत्तावीस.

"एवढी भांडी कोणाची रे?" बाईनं विचारलं.

"गाडीची," लाहू म्हणाला, आणि बाजारभर हशा झाला.

चैत्यानं सायलेन्सरचं पोट कापलं, घासण्या ठासून भरल्या, वर वेल्डिंग मारलं. गाडी सुरू केली तर ती चालू आहे की नाही ते कळायला बॉनेटवर हात ठेवावा लागायचा. पाड्यात ती मांजरासारखी शिरायची. बाया म्हणायच्या, "लाहूची गाडी भांडी घासून आली." लाहूला त्याचा फार अभिमान होता.

म्हणूनच सोमवारी पीयूषनं चार पॉइंट आठ म्हटलं तेव्हा लाहूनं सायलेन्सरचं नाव काढलं नाही. त्याच्या मनात ती गोष्ट आलीच नाही असं नाही. ती आली आणि त्यानं ती बाजूला सारली.

"नॉझल असेल," तो म्हणाला.

"नॉझल असेल," पीयूषही म्हणाला. "साफ करून आणा."

मंगळवारी नॉझल साफ झालं, एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला. दुपारी आकडा आला चार पॉइंट सहा.

लाहू टपरीच्या दारात उभा राहिला. मागे तीन गाड्या खोळंबल्या होत्या. त्यानं हात जोडले.

"शेट, पोरींची परीक्षा आहे. ती नळी त्या पांढऱ्या गाडीत घाला. नंबर माझा टाका."

"कॅमेरा आहे, भाऊ. नंबरप्लेटचा फोटो जातो."

"फोटो माझ्या गाडीचा काढा, नळी त्याच्यात घाला. कोण बघतं?"

"मी बघतो ना," पीयूष म्हणाला. मग त्याला स्वतःच्याच बोलण्याचा संकोच वाटला असावा. तो डहाणूचा, आयटीआय केलेला, वयानं लाहूच्या निम्मा. "लाहूभाऊ, हात नका जोडू. बरं नाही वाटत. उद्या दुपारी या, गर्दी नसते. खालून बघू."

त्या संध्याकाळी घरी त्याच्या बायकोनं, जमनानं विचारलं, "जालं काम?"

"होईल."

"कालपण होईल बोलला होतास."

योगिता तंबूच्या दाराशी पुस्तक घेऊन बसली होती. पुस्तक उघडं, डोळे मिटलेले.

"झोपतेस काय?" लाहू खेकसला. "तीन दिवस राहिले."

"डोकं दुखतं, बाबा."

"रोजच दुखतं तुझं. परीक्षा आली की सगळ्यांचं डोकं दुखतं."

"सुट्टी लागल्यापासून कमी आहे," योगिता म्हणाली. "शाळेत जाताना जास्त दुखायचं. मागं बसतो त्या सगळ्यांचंच. सुनीला तर उलटी व्हायची."

"वळणं आहेत रस्त्याला," लाहू म्हणाला आणि उठून गेला.

बुधवारी दुपारी पीयूषनं नळी लावलीच नाही. तो जीपच्या मागे उकिडवा बसला, धुराड्यासमोर पंजा धरला आणि लाहूला गाडी रेस करायला सांगितली.

"अजून."

"तळाला टेकला पाय."

"इंजिन एवढं रेस होतंय आणि हातावर फुंकर बघा, लहान पोर मेणबत्ती विझवतं तेवढी." पीयूष उठला. "धूर मागून पुरता निघत नाहीये. आत कोंडलाय. इंजिनाला श्वासच सोडता येत नाही, मग डिझेल नीट जळणार कसं? काळं होणारच. नळीत काय आहे?"

लाहूनं चावी फिरवून गाडी बंद केली.

पीयूष मोबाईलचा उजेड घेऊन गाडीखाली सरकला. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते. मग तो बाहेर आला, मागचं दार उघडलं आणि पायाखालचं रबर उचललं. खालच्या पत्र्याला गंजून पडलेलं रुपयाएवढं भोक होतं. भोकाभोवती काजळीचा जाड काळा डाग होता, चुलीमागच्या भिंतीवर असतो तसा.

"कोंडलेला धूर जोडातून फुटतोय आणि इथून वर येतोय," पीयूष हळू म्हणाला. "खिडक्या बंद असतात का?"

"थंडीत असतात. असायच्या."

"मागच्या सीटवर कोण बसतं?"

लाहूनं भोकाकडे पाहिलं. तो खाली बसला, टायरला पाठ टेकून.

"माझी पोरगी," तो म्हणाला. आणि मग त्यानं सगळं सांगितलं. डोकरीचा पाय. जमिनीवर टेकवलेला हात. ट्रॅक्टरचा सायलेन्सर. घासण्या.

"किती घासण्या?"

"सत्तावीस."

पीयूषला हसू फुटलं, पण ते ओठांवरच विरलं. "पहिले काही दिवस चालल्या असतील. मग काजळी धरून धरून गच्च झाल्या. काढा त्या. आजच काढा."

"काढल्या तर आवाज येईल."

"येऊ दे. आवाजाचं मशीन माझ्याकडे नाही."

"आमच्याकडे आहे," लाहू म्हणाला. "अख्खा पाडा."

लाहूनं जीप सुरूच केली नाही; चैत्याकडे ढकलत नेली. नवा सायलेन्सर मिळेल का, तर वापीला सांगितला तर सोमवारी येईल, चैत्या म्हणाला. असल्या जुन्या गाडीचा माल कोण हाताशी ठेवतो? तोवर ट्रॅक्टरचा काढून टाकायचा, जुन्याच्या भोकाला ठिगळ मारायचं, जोड नीट बसवायचे, आतल्या पत्र्याचं भोक बुजवायचं. "धूर मागून जाईल, लाह्या. त्याची गॅरंटी. आवाजाची नाय, आतून पार गंजलाय तो."

"आणखी बारीक घासण्या, मोकळ्या भरून…"

"परत?" चैत्यानं हातातली पक्कड खाली ठेवली. "तुझ्या पोरीला विचारून ये आधी."

लाहू एसटीनं घरी आला. जमनाला तो आधी म्हणाला, "तिचं डोकं मीच दुखवलं." जमनानं सगळं ऐकून घेतलं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "मग आता इथं काय बसलास? शब्द ज्यांना दिलास, त्यांच्याकडं जा."

पुतळी डोकरी तिच्या तंबूबाहेर खाटेवर बसली होती. पाय जुळला होता, पण वाकडा. काठी मांडीवर आडवी.

लाहू तिच्या समोर जमिनीवर बसला. दोन वाटा होत्या आणि दोन्ही बंद. घासण्या ठेवल्या तर कागद नाही, आणि कागद मिळाला तरी पोरी धूर गिळणार. काढल्या तर उधव्यापासून तलासरीपर्यंत रस्त्याकडेच्या चार पाड्यांत तंबू आहेत, तिथली माणसं उठून पळणार. कुणीतरी पडणार. त्यानं तिला हे असंच सांगितलं.

"म्हणून शब्द परत मागायला आलो," तो म्हणाला.

डोकरी काठीच्या मुठीवर अंगठा घासत राहिली.

"लाहू, मी पळाली ती कशाला?"

"माझ्या गाडीला भिऊन."

"तुझ्या गाडीला कोण भितं रे? ती खालची आहे ना, ती सांगून येत नाय. म्हणून पळाली." तिनं काठी जमिनीवर आपटली. "तू तर बोलता माणूस आहेस. सांगून ये."

"सगळ्यांना?"

"पाय आहेत ना तुला दोन? सरळ?"

गुरुवारी दुपारी पडद्यावर आकडा आला एक पॉइंट नऊ. जीपचा आवाज इतका मोठा होता की टपरीचा पत्रा वाजत होता. पंखा, प्रिंटर, सगळं थरथरत होतं. पीयूषनं कागद दिला आणि कानातली बोटं काढून म्हणाला, "पास, लाहूभाऊ. आता सायलेन्सर लवकर बसवा, नाहीतर आवाजासाठी हवालदार धरेल."

लाहूनं कागदाची झेरॉक्स काढून शाळेत दिली, जीप चैत्याकडेच ठेवली आणि चालत निघाला. तलासरी ते उधवा, बारा किलोमीटर. वाटेत प्रत्येक पाड्यावर तो थांबला. तंबूतंबूपुढे उभा राहून तेच ते सांगत राहिला: उद्या सकाळी साडेसातला माझी गाडी वर जाईल, नऊच्या पुढं पोरींना घेऊन खाली येईल. फार मोठा आवाज आहे. जमिनीतला नाय, गाडीचा आहे. पळू नका.

"आणि त्याच टायमाला खरा आला तर?" दुसऱ्या पाड्यात एकानं विचारलं.

"तर उघड्यावरच बसा," लाहू म्हणाला. "दोन्ही टायमाला घरात कोण नको." तिथून पुढे त्यानं सगळीकडे हेही सांगितलं. चौथ्या पाड्यापर्यंत त्याचा घसा बसला. घरी पोचला तेव्हा जमनाला वाटलं, हा रडतोय.

शुक्रवारी पहाटे भाजीच्या टेम्पोनं तो खाली गेला आणि उजाडल्यावर जीप घेऊन निघाला. पहिल्या पाड्यात शिरताना त्यानं वेग कमी केला. आवाज तंबूंवर आदळला. माणसं रस्त्याच्या कडेला बसलेली होती, पोरं कानांत बोटं घालून. एक म्हातारा दात घासता घासता बघत राहिला. कुणी उठलं नाही. दुसऱ्या पाड्यात एक बाई ओरडली, "आली रे, घासणीवाली आली!" तिसऱ्यात, चौथ्यात तसंच. खडकीपाड्याचा चढ त्यानं पहिल्या गिअरमध्ये चढला, सगळा डोंगर दणाणला, आणि वर पुतळी डोकरी खाटेवर दोन्ही कान दाबून, डोळे घट्ट मिटून बसलेली दिसली. तिची काठी जमिनीवर पडलेली होती. ती भ्यालेली होती. लाहूला ते लांबूनही दिसलं. पण ती जागची हलली नाही.

सहाही मुली तयार होत्या. सव्वानऊला जीप निघाली. खिडक्या उघड्या.

तीन पाडे गेले. शेवटच्या पाड्यात, तलासरी चार किलोमीटर राहिली असताना, एका झोपडीतून एक माणूस उकळत्या चहाचं पातेलं हातात घेऊन बाहेर धावला. दाराच्या चौकटीला ठेचकाळला, चहा सांडला, आणि पातेलं टाकून तो शेताकडे पळत सुटला. कडेला बसलेली माणसं त्याला हाका मारत होती, "लडक्या! अरे गाडी हाय ती!" पण जीपच्या आवाजात त्याला काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

लाहूनं इंजिन बंद केलं.

"बाबा, दहाला दहा कमी," योगिता मागून म्हणाली. "साडेदहाला आत घेतात."

लाहू तोवर शेतात पोचला होता. लडक्या बांधावर धापा टाकत उभा होता. डहाणूच्या बोटीवर खलाशी होता तो. महिन्याभरानं आज सकाळीच, साडेआठला घरी आला होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हाताला चहाचा चटका बसला होता, गुडघा सोलला होता.

लाहू वाकला आणि त्याच्यासमोर तळवा जमिनीवर टेकवला. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

"आता हे काय?" लडक्या म्हणाला.

"माझ्यामुळं पळालास."

"मग? पळालो. जिवंत हाय." त्यानं जीपकडे पाहिलं, खिडक्यांतून डोकावणाऱ्या सहा तोंडांकडे पाहिलं. "त्या पोरी कुठं चालल्या?"

"दहावीच्या पेपराला."

"आणि तू इथं मातीत हात घालून बसलास? ऊठ ना, येड्या!"

गाडी सुरू होईना. स्टार्टर नुसता टकटक करत राहिला. लाहूनं पुन्हा पुन्हा चावी फिरवली, स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मुलींतली सुनी रडायला लागली. मग मागून आवाज आला, "सोड ब्रेक!" लडक्या भाजलेला हात पोटाशी धरून एकाच हातानं ढकलत होता. कडेला बसलेले सगळे उठून आले होते, बाया, म्हातारे, सकाळचा तो दात घासणाराही. जीप हलली, उताराला लागली, लाहूनं क्लच सोडला आणि धाडकन आवाज झाला. ढकलणारे दचकून दोन पावलं मागे सरले आणि हसत सुटले.

साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना जीप केंद्राच्या फाटकाशी थांबली. दारावरचा शिपाई कानावर हात ठेवून खवळला, लाहूनं आधी इंजिन बंद केलं आणि मग खिशातला कागद त्याच्यापुढे धरला. शिपायानं कागदाकडे बघितलंही नाही. मुली उड्या मारून उतरल्या, हॉलतिकिटं धरून धावल्या.

योगिता फाटकातून परत वळून आली.

"काय राहिलं?" लाहूनं विचारलं.

"काय नाय. आज नाय दुखलं डोकं."

एवढं सांगून ती पळाली. लाहू जीपच्या पायरीवर बसला. उजव्या तळव्याला शेतातली माती तशीच होती. ती त्यानं झटकली नाही. पेपर सुटेपर्यंत हात मांडीवर उताणा ठेवून तो तिथंच बसून राहिला.